मेळघाटातील ऊर्जेचा जमाखर्च

वैशाखातल्या दुपारी अकोल्याच्या रस्त्यावर अनवाणी पाऊल टाकणे अशक्य होते, आणि पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. या उन्हाला आपण नावे ठेवतो, पण त्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडून पाहण्यासारखा आहे. या दिवसांत वऱ्हाडच्या एक चौरस मीटर जमिनीवर, म्हणजे एका माणसाला ऐसपैस मांडी घालून बसता येईल एवढ्या जागेवर, दिवसभरात पाच हजार किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा उतरते. आहाराविषयी बोलताना आपण जिला नुसती कॅलरी म्हणतो तीच ही किलोकॅलरी. साधारण माणसाला दिवसाला २,४०० पुरतात. म्हणजे बसल्या जागी दोघांचे जेवण आकाशातून पडत असते, आणि ते घेता तर येत नाहीच, उलट त्याच्यापासून डोके झाकून घ्यावे लागते.

ते घेण्याचे सामर्थ्य एका हिरव्या पानाला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी वर आणलेले पाणी यांची पान साखर करते आणि त्या साखरेत सूर्याची ऊर्जा साठवून ठेवते. पण हा साठा अगदी थोडा असतो. समजा, एखाद्या कास्तकाराला कोरडवाहू एकरात चार क्विंटल ज्वारी झाली. त्या दाण्यांत सुमारे १४ लाख किलोकॅलरी भरतील. दीड माणसाची वर्षाची भाकर झाली. पण पीक उभे होते त्या चार महिन्यांत त्याच एकरावर दीडशे कोटींहून अधिक किलोकॅलरी ऊन पडून गेलेले असते. दाण्यात उतरला तो हजारातला एक भागही नव्हे. कडबा आणि मुळे धरली तरी शंभरातला एक भाग भरत नाही. बाकीचे ऊन माती तापवण्यात, पाण्याची वाफ करण्यात आणि पुन्हा आभाळात परतण्यात खर्ची पडते. आणि उन्हाळ्यात, ऊन सर्वांत जास्त असते तेव्हा, पाण्यावाचून रान उघडे पडलेले असते. वऱ्हाडात ऊर्जेचा दुष्काळ कधीच नसतो; दुष्काळ असतो तो ती धरून ठेवणाऱ्या ओलाव्याचा.

दाणा माणसाने घेतला. कडबा बैलापुढे पडला. वजनास वजन धरले तर कडब्यातही दाण्याहून फारशी कमी ऊर्जा नसते. मात्र ती काष्ठतंतूंच्या कुलपात बंद असते, आणि त्याची किल्ली माणसाच्या पोटात नाही. खरे म्हणजे बैलाजवळही नाही. ती आहे त्याच्या पोटातल्या पहिल्या कोठ्यात राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंकडे. बैल रवंथ करतो तो एका अर्थी या भाडेकरूंसाठी. त्यांनी फोडून दिलेल्या अन्नातून काही शेणावाटे जाते, काही ढेकरेतल्या वायूवाटे जाते, आणि उरलेल्याचा फार मोठा हिस्सा नुसते जिवंत राहण्यात संपतो. हृदय चालले पाहिजे, श्वास चालला पाहिजे, अंग गरम राहिले पाहिजे. हिवाळ्याच्या पहाटे गोठ्यात शिरताच जी ऊब लागते ती म्हणजे कालचा कडबा. ती ऊब मात्र आता कोणाच्याही पोटात जाणार नाही. पान उजेडापासून साखर करते. उबेपासून करू शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘निसर्गाचे चक्र’ हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की ऊर्जाही फिरून फिरून परत येते असे वाटू लागते. फिरतो तो पदार्थ. शेणखतातले नत्र आणि स्फुरद पुन्हा शेतात जाते, पुन्हा ताटात चढते, रहाटगाडग्यासारखे. ऊर्जा मात्र समईतल्या तेलासारखी आहे. जळले ते संपले. उजेड हवा असेल तर वरून नवे तेल घालीत राहावे लागते. ते काम सूर्य करतो.

एका गोठ्याऐवजी एका संपूर्ण तळ्याचा असा जमाखर्च मांडण्याचे धाडस रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाने केले. मिनेसोटा राज्यातल्या सेडर बॉग नावाच्या लहानशा तळ्यातल्या वनस्पती, त्या खाणारे जीव आणि त्या जीवांना खाणारे जीव अशा पायऱ्या त्याने पाडल्या, आणि प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा पोहोचते ते काढले. वरच्या पायरीवरचे प्राणी संख्येने थोडे असतात हे इंग्लंडच्या चार्ल्स एल्टनने १९२७ सालीच दाखवले होते. ते तसे का, याचे उत्तर लिंडमनने ऊर्जेच्या भाषेत दिले. परीक्षकांनी त्याचा निबंध आधी नाकारला; त्याचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी आग्रह धरला म्हणून तो १९४२ साली छापला गेला. तोपर्यंत लिंडमन वारला होता. वय अवघे २७.

पुढच्या संशोधकांनी या हिशेबावरून एक ढोबळ प्रमाण बांधले : खालच्या पायरीवरच्या दहा भागांतला एक भाग वरच्या पायरीला मिळतो. कोठे याहून अधिक, कोठे बरेच कमी. उष्ण रक्ताचा प्राणी पचवलेल्या शंभर भागांतून दोन-तीन भागच स्वतःच्या मांसात ठेवतो. अळी याहून पुष्कळ काटकसरी असते, कारण तिला अंग गरम ठेवावे लागत नाही.

आता परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहकडे जाऊ. मेळघाटात नजर जाईल तिकडे साग. एवढी हिरवी संपत्ती पाहून वाटते की येथे सांबर-चितळांचे कळपच्या कळप असावेत. पण सागाने कमावलेल्यातले पुष्कळसे तो लाकडात बंद करून ठेवतो, आणि त्याचे खरखरीत पान सांबराच्या फारसे उपयोगाचे नाही. त्याला खरे गिऱ्हाईक मिळते ते अळीचे. पावसाळा सरताना सागाची पाने जाळीदार झालेली दिसतात, शिरा तेवढ्या उरलेल्या. ते या अळीचे काम. ती अळी पक्षी खातात. माघ-फाल्गुनात पाने गळतात आणि वाळवी व बुरशी यांचे राज्य सुरू होते. जंगलातली बहुतेक ऊर्जा हरणाच्या तोंडून जातच नाही. ती या पाचोळ्याच्या वाटेने जाते. ही वाट आपल्याला दिसत नाही, कारण तिच्यावर छायाचित्र काढण्याजोगे कोणी नसते.

आणखी एक गिऱ्हाईक आहे : वणवा. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि ती आग कधी डोंगरभर पसरते. वाळवीने वर्षभर खाल्ले असते ते एका दुपारी नाहीसे होते, आणि कोणाचेही पोट भरलेले नसते.

तेव्हा सांबर, चितळ, गवा, भेकर यांच्या वाट्याला येते ते मुख्यतः गवत, पाला आणि पडलेली फळे-फुले. त्या थोड्यातले थोडे त्यांच्या मांसात उरते, आणि ते वाघ, बिबट्या व रानकुत्रे यांनी वाटून घ्यायचे. वाघाला वर्षाकाठी सुमारे ५० जनावरे लागतात, आठवड्याला साधारण एक. उल्हास कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून असे दिसले की वाघ आपल्या भक्ष्यांपैकी वर्षाला दहातले एक उचलतो. म्हणजे एका वाघामागे पाचशे चरणारी जनावरे हवीत. कान्ह्यासारख्या कुरणांच्या जंगलात ती थोड्या जागेत मावतात. मेळघाटाच्या कोरड्या, चढउताराच्या रानात त्यांना फार मोठा मुलूख लागतो. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातले एकटे मेळघाट होते. आज त्याचा गाभाच सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचा आहे, तरी त्यातले वाघ दोन आकड्यांतच मोजावे लागतात. यात चोरट्या शिकारीचा दोष आहेच. पण शिकार उद्या पूर्ण थांबली तरी वाघ हजारावर जाणार नाहीत. तेवढे तेल समईत नाही.

हा हिशेब माणसापर्यंत येतो तेव्हा अवघड होतो. कोरकूंची गुरे आणि सांबर एकाच गवतावर चरतात. जे गाईने खाल्ले ते सांबराला मिळत नाही. म्हणून गाभ्यातली गावे उठवण्याचे धोरण आले. बोरी, कोहा, कुंड ही गावे आधी हलली. गावांच्या जुन्या शेतांवर गवत माजले आणि तेथे चितळे-सांबरे येऊ लागली. शास्त्र खरे ठरले. परंतु केलपाणी, गुल्लरघाट, आमोणा येथील जी माणसे अकोला जिल्ह्यात अकोटच्या सपाटीवर आणून वसवली, त्यांतले कित्येक जण जानेवारी २०१९ मध्ये जंगलात परत गेले, आणि तेथे वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा हिंसक संघर्ष झाला.

माझ्या मते या भांडणात ऊर्जेचा हिशेब अर्धाच मांडला गेला. एकच गवत दोघांना पुरणार नाही एवढे शास्त्र सांगते. उठायचे कोणी, हे ते सांगत नाही. शिवाय कोरकू माणूस या पिरॅमिडच्या पायथ्याशीच जगत आला आहे. कोदो, कुटकी, मोह, रानभाज्या, चुलीला सरपण, गुरांना चारा, हे सगळे सूर्याकडून थेट पदरात पडणारे, ज्याची कधी पावती फाटली नाही. २००८ पासून पुनर्वसनाला कुटुंबामागे दहा लाख रुपये ठरले, पुढे ती रक्कम वाढली. सपाटीवर आल्यावर सरपण विकत, चारा विकत, मोहाच्या दिवसांतले खाणेही विकत. त्या दहा लाखांत वर्षाच्या किती मोळ्या आणि किती पेंढ्या धरल्या होत्या, हे कागदावर मांडून त्या माणसांना वाचून दाखवायला हवे होते.