जुना सीएनसी लेथ घेताना

कवीला लेथमधले काय कळते, असे कुणी विचारले तर प्रश्न रास्तच आहे. बी.ए.ला मी मराठी घेतले होते, मायक्रोमीटर नव्हे. पण कोल्हापुरात राहून लोखंडापासून लांब राहता येत नाही. इथल्या फौंड्र्यांतून ओतीव माल निघतो आणि उद्यमनगरातल्या, शिरोलीतल्या लहानमोठ्या शेडमध्ये त्याचे मशिनिंग होते. माझ्या भाच्याची अशीच एक शेड आहे. दोन साधे लेथ, तो स्वतः आणि एक कामगार. गिऱ्हाईक म्हणू लागले, सीएनसी असेल तरच पुढची ऑर्डर. नवे मशीन आवाक्याबाहेर. जुने घ्यायचे तरी आपाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, पाटल्या गहाण पडणार होत्या. "मामू, तुम्ही बरोबर चला. तुम्ही प्रश्न फार विचारता," असे म्हणून त्याने मला स्कूटरवर बसवले. त्या दोन महिन्यांत जे पाहिले, जाणत्या फिटरांनी जे समजावले, ते सांगतो.

साध्या लेथवर टर्नरचा हात चाक फिरवतो. सीएनसीत आकडे हुकूम देतात, सर्व्हो मोटर बॉलस्क्रू फिरवते आणि हत्यार सरकते. अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग मशीन १९५२ साली दाखवले. कल्पना तीच आहे. म्हणजे आकडा आणि लोखंड यांच्यात अंतर पडले की जॉब बिघडला. जुन्या मशीनमध्ये हे अंतर किती, एवढेच शोधायचे असते. ताज्या रंगाकडे पाहून ते कळत नाही.

पहिली गोष्ट, मशीन गार असताना बघायला जा. आम्ही पोचण्याआधीच एकाने ते तासभर चालवून ठेवले होते. सकाळी बंद मशीन आपल्यासमोर चालू करायला लावावे. कुरकुर, चालू होतानाचे अलार्म, तेलाचा पंप ओढतो की नाही, सारे तेव्हाच कळते. मग स्पिंडल हळूहळू वाढवत वरच्या वेगावर नेऊन अर्धा तास फिरू द्यावा. बेअरिंग चांगले असेल तर आवाज एकसारखा लागतो. गझलेत एखादे अक्षर वजनाबाहेर गेले की कानाला खटकते, तसे इथेही खटकते. या एका परीक्षेत माझा थोडा उपयोग झाला. बाकी डायल गेजचे काम. तो स्पिंडलच्या नाकावर लावून हाताने फिरवायचे आणि काटा किती हलतो ते पाहायचे.

खरी मेख बॅकलॅशमध्ये आहे. हत्यार एका दिशेने सरकवून उलटे फिरवले, तर झिजलेला स्क्रू आधी थोडा रिकामा फिरतो. कंट्रोलमध्ये ही उणीव आकडा भरून झाकता येते. त्यामुळे डायलवर सगळे छान दिसेल. फॅनुक कंट्रोल असेल तर १८५१ क्रमांकाचा पॅरामीटर उघडून तो आकडा वाचावा. शिवाय झीज सगळीकडे सारखी नसते. रोजचे काम चकजवळ होते, म्हणून स्क्रू आणि स्लाइड तिथेच जास्त खातात. टोकाचा भाग कोरा राहतो. भरलेला एकच आकडा चकजवळ बरोबर ठरला, तर टोकाला चुकतो. म्हणून डायल दोन्ही ठिकाणी लावायचा. पहिल्या मशीनला टोकाला काटा शून्यावर होता आणि चकजवळ दोन शतांश मिलिमीटर फरक दाखवत होता. भाच्याच्या बुशला तेवढी सूट नव्हती.

टरेटची परीक्षा वेगळी. मशीन कधी आदळले असेल तर तो किंचित वाकडा बसलेला असतो. सगळी स्थानके दोन-तीनदा फिरवून एकाच स्थानकाचा काटा पुन्हा त्याच जागी येतो का, ते पाहायचे. शेवटी आपलाच बार, आपलाच इन्सर्ट घेऊन जावे. दीडशे मिलिमीटर लांबीवर एक हलका कट मारून दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजली की टेपर लपत नाही. मालक एवढेही करू देत नसेल तर नमस्कार करून निघावे.

कंट्रोलची बॅटरी ही छोटी वस्तू मोठा घात करते. ती मेली की पॅरामीटर पुसले जातात आणि त्यांची प्रत नसेल तर मशीन लोखंडाचा ढीग होते. पैसे देण्याआधी ती प्रत आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंग हातात हवे. तसेच बँकेचा ना हरकत दाखला. मशीन कर्जाला तारण असू शकते, आणि विकणाऱ्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्या दारात येते. दाखला "मागाहून देतो" म्हणणाऱ्याकडचा चहा पिऊन आम्ही उठलो.

घेतले ते चौथे मशीन. रंग उडालेला, पण काटा प्रामाणिक.

घरी आणण्याचा खर्च लोक धरत नाहीत. क्रेन, ट्रक, जमिनीचे काँक्रीट, थ्री-फेजचा वाढीव भार, स्टॅबिलायझर आणि वेगळे अर्थिंग. अर्थिंगमध्ये काटकसर केली तर कार्ड जळते, आणि एका कार्डाच्या पैशात तीन अर्थिंग होतात. वाहतुकीआधी स्लाइड आणि टरेट जखडून बांधावे. जागेवर बसवल्यावर लेव्हल नीट साधावी. लेव्हल नसेल तर चांगले मशीनही टेपर मारते, आणि मग माणूस विकणाऱ्याला शिव्या घालत बसतो. महिनाभराने जमीन थोडी बसली की लेव्हल पुन्हा तपासायची असते.