एसी 18 वर, तरी कुणाला थंडी आणि कुणाला घाम! ऑफिसात वीज वाचवायची कशी?

मे महिन्यात नंदुरबारमध्ये पारा 42 च्या पुढे जातो. अशा दुपारी एखाद्या बँकेत किंवा पतसंस्थेत शिरलात की चित्र ठरलेलं असतं. एसीसमोर बसलेल्या मॅडम ओढणी लपेटून बसल्यात आणि खिडकीजवळचे भाऊसाहेब रुमालाने घाम पुसतायत.

बिल वाढलं की वरून आदेश येतो, 'एसी बंद करा.' दोन दिवस सगळे घाम गाळतात, कामं रेंगाळतात आणि तिसऱ्या दिवशी एसी पुन्हा 18 वर जातो. ही बचत टिकत नाही, कारण ती माणसांना त्रास देऊन केलेली असते.

गारवा म्हणजे फक्त तापमान नाही

आपल्याला बरं वाटतं की उकडतं, हे सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, भिंती-छत किती तापलेत, अंगावरचे कपडे आणि आपण करत असलेलं काम. डेन्मार्कचे संशोधक पी. ओ. फँगर यांनी 1970 मध्ये याचं गणित मांडलं. एसी मुख्यतः पहिल्या दोन गोष्टी सांभाळतो. म्हणूनच तापलेल्या भिंतीला लागून बसलेल्याला 22 अंशांतही उकडतं.

18 वर लावलं की लवकर गार होतं का?

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत नाही. त्याचा कॉम्प्रेसर 18 वरही तेवढ्याच जोराने चालतो, फक्त जास्त वेळ चालतो. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने सेटिंग 1 अंशाने वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार रेटिंगच्या घरगुती प्रकारच्या एसींना 24 अंश ही मूळ सेटिंग बंधनकारक आहे, ती यासाठीच.

मग किती अंश ठेवायचं?

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातल्या पाच शहरांतल्या 16 ऑफिस इमारतींमध्ये कर्मचाऱ्यांना विचारून अभ्यास केला. बाहेरच्या हवेप्रमाणे माणसाची सवय बदलते, हे त्यातून दिसलं. कधी खिडकी-पंखा, कधी एसी अशा इमारतींसाठी त्यांनी सूत्र दिलं. गेल्या महिनाभराचं दिवसरात्रीचं सरासरी तापमान 33 अंश धरलं, तर या सूत्राने आत सुमारे 27 अंश आरामदायक ठरतात. 18 नव्हे!

एसी 26 वर ठेवून पंखा लावला तर वाऱ्यामुळे दोन-तीन अंश गार वाटतं. जुना पंखा सुमारे 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॉट. असे 10 पंखे रोज 8 तास चालले, तर बदलल्यावर दिवसाला 3.6 युनिट आणि 250 दिवसांत 900 युनिट वाचतात.

पण फक्त पंख्यावर भागेल?

नंदुरबारच्या मे महिन्यात नाही. आपल्या त्वचेचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. खोलीतली हवाच त्याहून तापलेली असेल, तर पंखा गरम वाराच अंगावर टाकतो. अशा वेळी 'पंखा आहे ना' म्हणणं म्हणजे कर्मचाऱ्याच्या तब्येतीशी खेळ. एसी नसेल तर तिथे कूलर हवा. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो आणि एसीच्या तुलनेत फार कमी वीज खातो. फक्त खिडकी थोडी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर जायला वाट हवी. पावसाळ्यात मात्र हवाच दमट असते, तेव्हा कूलरने चिकचिक वाढते.

सुरुवात कुठून करायची?

आधी ऊन अडवा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताडपत्री, चटई किंवा शेड लावा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. वरचा मजला असेल तर गच्चीला पांढरा रंग द्या. मग टेबलं तापलेल्या भिंतीपासून आणि एसीच्या थेट झोतापासून हलवा. त्यानंतर पंखे, आणि शेवटी एसीचा आकडा.

हा आकडा साहेबांच्या केबिनमधून ठरवू नका. ज्या टेबलावर सगळ्यात जास्त उकडतं, तिथे बसणाऱ्याला आधी विचारा. त्याचं टेबल सुधारलं की बाकीचे 26 वर कुरकुर करत नाहीत.