तोफ पुन्हा गाड्यावर

शहरातील चौकात, सरकारी कचेरीच्या दाराशी किंवा किल्ल्याच्या तटावर एखादी जुनी तोफ तुम्ही पाहिली असेल. मुले तिच्यावर बसतात, वाटसरू तिला टेकून विसावतात. पाऊस मात्र दरवर्षी तिला थोडेथोडे खात असतो.

१८१८ मध्ये मराठी सत्तेचा अस्त झाला आणि किल्ल्यांवरील तोफांचे कामही हळूहळू संपले. शत्रूची तोफ निकामी करायची असेल, तर तिच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रात, खिळा ठोकण्याची रीत होती. मुंबईच्या गोदीत तर जुन्या तोफा जमिनीत उभ्या पुरून त्यांचे खुंट करण्यात आले.

तोफेचा खरा आधार म्हणजे तिचा लाकडी गाडा. तो कुजला की तोफ मातीवर येते. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली, आज विजापुरात असलेली मलिक-ए-मैदान तोफ मिश्रधातूची असल्याने गंजली नाही. परंतु बहुतेक तोफा लोखंडाच्या आहेत. ओल आणि समुद्राची खारी हवा लोखंडात शिरते, मग त्याचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून तोफेला जमिनीपासून उचलणे हाच तिच्यावरील पहिला उपचार होय.

हे काम महाराष्ट्रात अनेक दुर्गप्रेमींनी अंगावर घेतले आहे. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनी श्रमदान आणि लोकवर्गणी यांच्या बळावर किल्ल्यांवरील तोफांसाठी सागवानी गाडे करून बसविले.

या कामाला क्रम असतो. प्रथम पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. मग तोफ जशी आहे तशी तिची छायाचित्रे आणि मापे घेतात. तोफेच्या पोटात जुनी दारू किंवा गोळा असण्याची शंका आली, तर काम थांबवून तज्ज्ञांना बोलावतात. माती मऊ ब्रशाने काढतात. लोखंडातील क्षार काढणे आणि त्यावर संरक्षक लेप देणे ही कामे जाणकारांच्या देखरेखीखालीच होतात. तोफेच्या दोन्ही बाजूंच्या खुंटांचे माप घेऊन सुतार गाडा घडवितो. शेवटी दोर, कप्पी आणि अनेकांचे खांदे यांच्या साहाय्याने ती गाड्यावर चढविली जाते. पाणी आत साचू नये म्हणून तिचे तोंड किंचित खाली झुकते ठेवणे हिताचे असते.

उत्साहाच्या भरात काही ठिकाणी यंत्राने घासून तोफ चकचकीत केली जाते, तिच्यावर जाड तैलरंग फासला जातो. असे करणे म्हणजे जुना दस्तऐवज धुऊन काढण्यासारखे आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. त्या इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात तयार झाल्या, हे आपल्याला कळते ते त्यांच्यावरील अक्षरांमुळे. ती अक्षरे घासली गेली असती, तर सातासमुद्रापलीकडून आलेल्या या तोफांचे मूळ गाव कोणाला सांगता आले असते?

म्हणून जतन करणे म्हणजे जुन्याला नवे करणे नव्हे. जे उरले आहे, ते आणखी झिजू न देणे होय. तुमच्या चौकातील तोफेजवळ कधी थांबलात, तर तिच्यावर काही अक्षरे आहेत का, ते अवश्य पाहा.