गोचिडाचा जंतू आणि डीएच-८२ पेशी

कुत्र्याच्या रोगप्रतिकारक पेशींवर काम करणाऱ्यांच्या बोलण्यात डीएच-८२ हे नाव हटकून येते. १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हा पेशीवंश पुढे आला. मूळ पेशी एका दहा वर्षांच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या. त्याला घातक हिस्टिओसायटोसिस, म्हणजे भक्षक पेशींच्या कुळातलाच कर्करोग, झाला होता. रक्तातून काढलेल्या निरोगी भक्षक पेशी काचपात्रात फार काळ टिकत नाहीत. कर्करोगाच्या पेशींना अन्नद्रव मिळत राहिला, तर त्या वर्षानुवर्षे दुणावत राहतात. याच गुणामुळे त्या संशोधकांना लाभल्या आणि याच गुणामुळे त्यांची साक्ष तपासून घ्यावी लागते. जंतूला आसरा देणारे घर म्हणून डीएच-८२ला तोड नाही. निरोगी कुत्र्याच्या प्रतिकारशक्तीचा नमुना म्हणून मात्र तिच्या एकटीच्या शब्दावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

घर म्हणून तिची योग्यता एर्लिकिया कॅनिसने सिद्ध केली. १९३५ साली अल्जीरियात प्रथम वर्णिलेला हा जीवाणू तपकिरी गोचिडामार्फत पसरतो. व्हिएतनाम युद्धात त्याने अमेरिकी लष्कराचे शेकडो कुत्रे मारले. आपल्याकडेही गोचीड चिकटलेल्या, तापाने मलूल झालेल्या कुत्र्याचे रक्त तपासताना पशुवैद्य त्याचा विचार करतात. हा जीवाणू आगरवर वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. पूर्वी त्यासाठी दर वेळी कुत्र्याचे रक्त काढून मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या भक्षक कुळातल्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या कराव्या लागत. डीएच-८२मुळे ती यातायात टळली. पुढे तर अर्कान्सासमधील फोर्ट चॅफी या लष्करी तळावरच्या एका रुग्णाच्या रक्तातून याच पेशींत एक नवा जीवाणू वाढवला गेला आणि १९९१ साली त्याला एर्लिकिया चॅफेन्सिस असे नाव मिळाले. माणसाच्या रोगाचा जंतू कुत्र्याच्या कर्करोगपेशीत सापडावा, यातली गंमत बाजूला ठेवली तरी पुरावा भक्कम आहे.

पण जंतू वाढला एवढ्यावरून पेशीचा प्रतिसादही निरोगी ठरत नाही. ज्या पेशीचे वाढीवरचे नियंत्रणच सुटले आहे, तिने सोडलेल्या सायटोकाइनचे, म्हणजे पेशींमधल्या संदेशवाहक प्रथिनांचे, प्रमाण निरोगी कुत्र्याला जसेच्या तसे लावणे धाडसाचे. शिवाय हा वंश स्थिरही नाही. जर्मनीतील हॅनोव्हरच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले, की जसजशा पिढ्या वाढतात तसतसे या पेशींचे रूप आणि गुणधर्म बदलतात. म्हणजे दोन प्रयोगशाळांतील डीएच-८२ नावाने एक असल्या, तरी वागणुकीने एक असतीलच असे नाही.

मग ताज्या पेशीच का वापरू नयेत? कारण त्यासाठी पुन्हा पुन्हा कुत्र्यांचेच रक्त काढावे लागते, आणि कुत्र्यागणिक जात, वय, आधीचे संसर्ग वेगळे असल्याने आकडे विखुरतात. माणसाच्या पेशी वापरा, हा सल्लाही अपुरा. श्वानरोगाचा प्रश्न श्वानपेशीलाच विचारायला हवा. शिवाय कर्करोगच अभ्यासाचा विषय असेल, तर आक्षेपाची धार उरतेच कुठे? डिस्टेंपर या श्वानरोगाच्या विषाणूचा या अर्बुदपेशींवर होणारा परिणाम तपासताना त्यांचे कर्करोगी असणे हेच कामाचे असते. औषधाचा किंवा लशीचा निष्कर्ष काढायचा असेल, तेव्हा मात्र पेशी कितव्या पिढीच्या, पेशीसंवर्धन दूषित करणाऱ्या मायकोप्लाझ्मा जीवाणूची चाचणी केली का, वंशाची ओळख डीएनएवरून पटवली का, हे शोधनिबंधात नोंदलेले असावे, आणि निदान काही निरोगी कुत्र्यांच्या ताज्या मोनोसाइटवर तोच प्रयोग करून पाहिलेला असावा.