पहाड, खार आणि एक सुपारी

अल्लामा इक्बाल यांची पहाड आणि खारीची कविता आपल्यापैकी अनेकांनी घरातच ऐकलेली असते. वसमतमध्ये १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते आणि कारभार उर्दूत चाले. त्या काळात शिकलेल्या आजोबा-नानाजींकडून ही कविता आज मराठी शाळेत जाणाऱ्या नातवंडांपर्यंत पोहोचली.

गेल्या सुट्टीत आमच्या घरी जमलेल्या मुलांनी या कवितेचे विडंबन केले. पहाडाच्या जागी त्यांनी आपल्यातल्याच एका अंगाने भारी मुलाला बसवले. सगळे हसले, आम्हीही हसलो. तो मुलगा मात्र मान खाली घालून उठला आणि घरी निघून गेला. मग आम्ही मुलांना जवळ बसवून या कवितेचीच गोष्ट सांगितली.

ही कविता मुळात अमेरिकेतली. राल्फ वाल्डो इमर्सन (१८०३–१८८२) यांनी पहाड आणि खारीचे भांडण इंग्रजीत लिहिले. इक्बाल यांनी ते उर्दूत आणले आणि १९२४ च्या ‘बांग-ए-दरा’ या संग्रहात शीर्षकाखालीच सांगून टाकले, की ही इमर्सनवरून घेतली आहे. एवढ्या मोठ्या शायराला दुसऱ्याचे ऋण मान्य करताना कमीपणा वाटला नाही.

पण ही नुसती नक्कल नव्हे. इमर्सनची खार म्हणते, जगात सगळे योग्य जागी ठेवलेले आहे. ते कोणी ठेवले, हे ती सांगत नाही. इक्बाल यांची खार सांगते: कोणी मोठा, कोणी लहान, ही अल्लाहची हिकमत आहे. इमर्सनची खार पहाडाला सुनावते, की तुला कवचीचे फळ फोडता येत नाही. इक्बाल यांच्याकडे त्याची सुपारी झाली. पानदान आणि अडकित्ता असलेल्या घरातल्या मुलाला ती लगेच कळते.

विडंबनही वाईट नसते. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली आणि त्या वेळच्या कवींच्या लकबींवर महाराष्ट्राला हसवले. पण लिहिण्याच्या लकबीवर हसणे वेगळे आणि अल्लाहने दिलेल्या शरीरावर हसणे वेगळे. कुरआनात सूरह हुजुरातमध्ये (४९:११) ताकीद आहे, की कोणी कोणाची थट्टा करू नये. ज्यांची थट्टा होते ते कदाचित थट्टा करणाऱ्यांपेक्षा चांगले असतील. खारही पहाडाला हेच सांगत होती. आमच्या मुलांनी कविता घेतली आणि बाजू मात्र पहाडाची घेतली.

संध्याकाळी मुले त्या मुलाच्या घरी गेली, सोबत आम्हीही. सगळ्यांनी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्यालाच सोबत घेऊन मुलांनी नवी कविता रचली: हळदीचे पोते आणि मुंगी. वसमतच्या मुलांना पहाडापेक्षा हळदीचे पोतेच जवळचे!

वहीत शीर्षकाखाली त्यांनी लिहिले, ‘इक्बाल आणि इमर्सन यांच्यावरून.’

आपल्या घरातही असा खेळ जरूर खेळावा. कोणाचे घेतले ते सांगावे, आणि हसताना कोणाची मान खाली जात नाही ना, तेवढे पाहावे.