प्रकाशाला आकार देणारा सुतार

लग्नसमारंभ असो, दुकानाचे उद्घाटन असो वा एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव, मंचामागे हलती चित्रे दाखविणारा भव्य पडदा आज गृहीतच धरला जातो. त्यासाठी चित्रफिती आणि प्रकाशयोजना रचणारी मुले-मुली आता व्यापारी घरांतूनही पुढे येत आहेत. ‘याला व्यवसाय म्हणावे की हौस?’ हा प्रश्न मग पेढीवरील वडीलधाऱ्यांना पडल्यावाचून राहत नाही. जिवंत नट आणि पडद्यावरील चित्र यांना एकाच रंगमंचावर आणणाऱ्या कलावंतांत प्राग येथील योसेफ स्वोबोदा यांचे नाव अग्रस्थानी आहे. त्यांची कारकीर्द या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडावी अशी आहे.

वडिलांची कर्मशाळा

स्वोबोदा यांचा जन्म १० मे १९२० रोजी चेकोस्लोव्हाकियातील चास्लाव या लहान गावी झाला. वडील लाकडी सामान बनविणारे कारागीर होते. मुलाने पहिले धडे गिरवले ते त्यांच्याच कर्मशाळेत, रंधा आणि करवत हाती घेऊन. पुढे १९३९ मध्ये नाझी राजवटीने चेक विद्यापीठांना कुलपे लावली. युद्ध संपल्यावर स्वोबोदा यांनी प्रागमध्ये वास्तुरचनेचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात ते रंगभूमीवर स्थिरावले. १९४८ मध्ये ते प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात आले आणि पुढील कित्येक दशके तेथेच राहिले.

सुतारकीचा संस्कार त्यांच्या कामात अखेरपर्यंत दिसतो. सांधा सैल राहिला, तर घरातील खुर्ची डुगडुगते. रंगमंचावर तो सैल राहिला, तर नटाच्या जिवावर बेतते. नेपथ्य म्हणजे मागे टांगलेले सुंदर चित्र, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. जिना, भिंत, प्रकाश, पडदा हे सारे नाटकाबरोबर हलले पाहिजे, बदलले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

ब्रुसेल्सचे यश आणि त्याची किंमत

१९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात या विचाराला जगाची दाद मिळाली. दिग्दर्शक आल्फ्रेद रादोक आणि स्वोबोदा यांनी तेथे ‘लातेर्ना माजिका’, म्हणजे जादूचा कंदील, हा प्रयोग सादर केला. रंगमंचावर उभी असलेली निवेदिका पडद्यावरील आपल्याच प्रतिमांशी बोलत असे आणि त्या प्रतिमा वेगळ्या भाषांत उत्तर देत. यातील खरी कसोटी वेळेची होती. चित्रफीत कोणासाठी थांबत नाही. नटाचे पाऊल क्षणभर चुकले, तरी सारा भास कोसळतो. म्हणून प्रत्येक हालचाल मोजून-मापून बसवावी लागे.

परतल्यावर प्रागमध्ये या प्रयोगासाठी कायमची रंगभूमी उभी राहिली. परंतु पुढील कार्यक्रमातील एक भाग सरकारी अधिकाऱ्यांना रुचला नाही आणि १९६० मध्ये रादोक यांनाच तेथून दूर करण्यात आले. १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर त्यांनी देश सोडला आणि १९७६ मध्ये परदेशातच त्यांचे निधन झाले. स्वोबोदा मायदेशी राहिले. १९७३ पासून ‘लातेर्ना माजिका’ची कलाविषयक सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९७७ मधील ‘जादूची सर्कस’ हा तिचा प्रयोग तर अनेक दशके चालला. मात्र त्या रंगभूमीचा इतिहास लिहिताना रादोक यांचे नाव वगळता येत नाही. भागीदारीत उभ्या केलेल्या पेढीची पाटी पुढे कोणाच्याही नावे असो, पहिल्या पानावर दोन्ही नावे राहतात.

आरसा, धुके आणि प्रकाश

१९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात स्वोबोदा यांनी ११२ चौकोनी पेट्यांची भिंत उभारली. प्रत्येक पेटीत दोन प्रक्षेपक होते आणि पेट्या पुढे-मागे सरकत. सुमारे १५ हजार पारदर्शिकांतून विश्वनिर्मितीची कथा अवघ्या अकरा मिनिटांत उलगडे. आजच्या एलईडी भिंतीची ही पूर्वजच म्हणावी लागेल.

त्याच वर्षी जर्मनीतील वीसबाडेन येथे वाग्नर यांच्या ‘ट्रिस्टान आणि इसोल्डे’ या संगीतिकेसाठी त्यांनी नेमकी उलट वाट धरली. हवेत अतिसूक्ष्म थेंबांचे धुके सोडून त्यावर प्रकाशझोत टाकला आणि रंगमंचावर उजेडाचा खांब उभा राहिला. तेथे चित्र नव्हते, पडदाही नव्हता. इटलीतील माचेराता येथे १९९२ मध्ये व्हेर्दींच्या ‘ला त्राव्हियाता’साठी त्यांनी एक प्रचंड आरसा तिरका उभा केला. जमिनीवर अंथरलेली रंगविलेली कापडे त्यात प्रतिबिंबित होत आणि एकेक कापड ओढून काढताच देखावा पालटे. शेवटी आरसा सरळ होई आणि प्रेक्षकांना त्यात आपलीच छबी दिसे. नायिकेला वाळीत टाकणाऱ्या समाजात आपणही बसलो आहोत, हे शब्दावाचून कळे.

सातशेहून अधिक प्रयोगांची रंगमंच-रचना करून ८ एप्रिल २००२ रोजी प्रागमध्ये त्यांनी देह ठेवला. मोझार्टच्या जीवनावरील ‘आमादेउस’ या १९८४ च्या गाजलेल्या चित्रपटातील संगीतिकांचे रंगमंचही त्यांचेच आहेत.

घरातील प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा व्यवसाय खराच आहे. पण यंत्र विकत घेतल्याने तो येत नाही. भाड्याने आणलेला पडदा सर्वांपाशी सारखाच असतो. कोठे तो लावावा आणि कोठे एका दिव्यावर भागवावे, हे ठरविणाऱ्याच्या निर्णयाला मोल आहे. तो निर्णय साहित्य हाताळून, मोजमाप करून आणि संहिता वाचून घडतो. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रंगमंच-रचनेचे, तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत प्रदर्शन-रचनेचे रीतसर शिक्षण मिळते. मुलाने वा मुलीने ही वाट मागितली, तर नकार देण्यापूर्वी एकच विचारावे : लाकूड, कापड, प्रकाश यांपैकी कशावर आधी हात बसविणार? उत्तर ठाम आले, तर भांडवल योग्य जागी जात आहे असे खुशाल समजावे.