फोटॉनचा वेग : एका संज्ञेची दोन अर्थक्षेत्रे

‘प्रकाशाचा वेग’ ही संज्ञा अभिजात आणि पुंज भौतिकीत समान असली, तरी तिचा आशय समान नाही. मॅक्सवेलच्या १८६५ मधील सिद्धान्तात वेग हा विद्युत्चुंबकीय तरंगाचा गुणधर्म होय. पुंजभौतिकीत उत्सर्जन आणि नोंद यांदरम्यान फोटॉनला निश्चित मार्ग नसतो. त्याचा वेग अनेक फोटॉनांच्या आगमनकाळांवरून अनुमानावा लागतो. २०१५ साली ग्लासगो येथील प्रयोगात शलाकेला विशिष्ट आकार दिल्यावर एकेकटे फोटॉन मुक्त अवकाशातही, सुमारे एक मीटर अंतरात काही मायक्रोमीटर मागे पडले. मात्र सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर ही मर्यादा अबाधित राहते. एकेकट्या फोटॉनचा अग्रभागही ती ओलांडत नाही, असे हाँगकाँग येथील २०११ च्या प्रयोगात आढळले होते. शब्दसाम्यावरून संकल्पनासाम्य गृहीत धरता येत नाही, हे तुलनाकारानेही येथून ध्यानी घ्यावे.